उरलेल्या दिवसाची बाजू

सकाळी आठला लिहिलेल्या यादीत सहा कामं होती. पहिलं अर्धवट राहिलं, कारण ज्याच्याकडून आकडे यायचे होते त्याचा पत्ताच नाही. दुसऱ्याला हात घालणार तोच शाळेतून फोन आला: मुलाला ताप आहे, घेऊन जा. तिसरी होती ती बैठक परस्पर चारवर ढकलली गेली, आणि चारला ठरलेलं पाचवं काम त्यामुळे आपोआप बाद झालं. आता साडेअकरा वाजलेत, हातात खोडाखोडीचा कागद आहे आणि कानावर पडतंय ते नेहमीचंच वाक्य: ‘सकारात्मक राहा.’

हे वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. अकरा वाजून एकतीस मिनिटांनी नेमकं काय करायचं, हे त्यातून कळत नाही. शिवाय ऐकणाऱ्याच्या मनात दुसरंच ओझं येतं. काम बिघडलं ते बिघडलंच, वर चेहराही हसरा ठेवायचा. माझं म्हणणं असं आहे की दिवस फिसकटल्यावरची सकारात्मकता म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत उरलेल्या साडेसहा तासांबद्दल घेतलेला निर्णय. त्या क्षणी मनाला काय वाटतंय, हा वेगळा विषय. या निर्णयाचा मोठा भाग दिवस बिघडण्याआधीच, बेत आखताना घ्यावा लागतो. आणि म्हणूनच, ज्यांच्या दिवसात मोकळी जागाच ठेवलेली नाही त्यांच्याकडून प्रसन्नतेची मागणी करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

सुरुवात हिशोबापासून करू, कारण इथे भावनेइतकंच गणितही आहे. एखादं काम ठरल्या वेळी होण्याची शक्यता १०० पैकी ९० धरा. चांगली शक्यता आहे. पण दिवसात अशी आठ कामं असतील आणि आठही वेळेवर व्हायची असतील, तर ०.९ ला ०.९ ने आठ पदरी गुणावं लागतं. उत्तर येतं ०.४३. म्हणजे प्रत्येक काम बऱ्यापैकी भरवशाचं असूनही दहापैकी जवळपास सहा दिवस कुठेतरी अडकणार. शक्यता ८० धरली आणि कामं पाचच ठेवली, तरी सगळं सुरळीत पार पडण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उरते. ‘माझ्याच वाट्याला असं का येतं’ हा प्रश्न इथे निकालात निघतो. ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं. सुरळीत गेलेला दिवस हाच अपवाद, फक्त तो लक्षात राहत नाही.

त्यात आपला अंदाज मुळातच कमी असतो. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या खोडीला नाव दिलं: नियोजनाचा भ्रम. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं उलटंच घडलं तर? तेव्हाचं उत्तर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ पेक्षा जास्त. जाणूनबुजून केलेला वाईटात वाईट अंदाजसुद्धा थिटा पडला. कारण साधं आहे. अंदाज करताना आपण कामाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणतो, अडथळे आणत नाही. फोन, ताप, बंद पडलेली यंत्रणा, सही न मिळणं यांतलं एकेक नेमकं कधी येईल ते माहीत नसतं, म्हणून ते हिशोबातच धरलं जात नाही. सगळे मिळून मात्र जवळजवळ रोज येतात.

यावर एक जुना, साधा उपाय आहे. १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी वेळेचा अंदाज काढण्याची एक पद्धत बसवली गेली. प्रत्येक कामाला तीन वेळा लिहायच्या: सगळं जमून आलं तर, नेहमीसारखं गेलं तर, आणि अडलं तर. मधल्या आकड्याची चौपट करायची, तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचं. अर्धा तास, पाऊण तास आणि दोन तास असे आकडे असतील तर ३० अधिक १८० अधिक १२०, भागिले सहा. उत्तर ५५ मिनिटं. मनात धरलेल्या पाऊण तासापेक्षा हे दहा मिनिटांनी जास्त आहे, आणि सहा कामांवर ती दहा-दहा मिनिटं म्हणजे एक तास. यादीत पहिल्यापासूनच नसलेला तास. तोच दुपारी ‘आजचा दिवसच वाईट’ होऊन समोर येतो.

त्याहून महत्त्वाचं आहे ते दिवस किती भरायचा. रांगांचा अभ्यास करणाऱ्यांचं एक प्राथमिक सूत्र आहे. एकच खिडकी, माणसं येणार ती अनियमित, प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर माणसाला सरासरी एका कामाइतकी वाट पाहावी लागते. ८० टक्के वेळ कामात असेल तर चार कामांइतकी, ९० टक्क्यांना नऊ आणि ९५ टक्क्यांना एकोणीस. भार थोडासा वाढतो, थांबणं मात्र कैक पटींनी. माणसाचा दिवस हुबेहूब त्या खिडकीसारखा नसतो, पण वागतो तसाच. काठोकाठ भरलेल्या दिवसात सकाळची वीस मिनिटं संध्याकाळपर्यंत घरंगळत जातात, कारण वाटेत त्यांना जिरायला जागाच नसते. म्हणून आठ तासांच्या कामाच्या दिवसात बेत सहा तासांचाच असावा. उरलेले दोन तास एकत्र शेवटी ठेवू नयेत, कारण तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. एक तुकडा सकाळच्या दोन-तीन कामांनंतर, दुसरा दुपार कलताना. आणि यादीत तिथे ‘मोकळं’ असं स्पष्ट लिहावं. नुसती कोरी ठेवलेली जागा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. कुणीतरी ‘जरा दहा मिनिटं’ म्हणत ती घेऊन जातं, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी आपण स्वतःच असतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो. बिघाड गृहीत धरणं हीच नकारात्मकता, मनात आणलं की तसंच घडतं. विमानाच्या कॉकपिटकडे पाहा. ढगांतून उपकरणांच्या आधाराने उतरताना वैमानिकाला एक उंची आधीच ठरवून दिलेली असते. नेहमीच्या प्रकारच्या उपकरण-अवतरणात ती धावपट्टीपासून साधारण २०० फुटांवर असते. त्या उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर चर्चा होत नाही. इंजिनांची शक्ती वाढवायची आणि वर निघायचं. पुन्हा प्रयत्न करता येतो, नाहीतर आधीच नक्की केलेल्या दुसऱ्या विमानतळाकडे वळता येतं. तिथवर पोचण्याचं इंधन टाकीत असतं आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं राखीव. हे सगळं उड्डाणाआधी ठरतं, कारण २०० फुटांवर, डोळ्यांसमोर पांढरं धुकं आणि मागे घाईतले प्रवासी असताना माणसाचा निर्णय उतरण्याकडे झुकतो. याला कुणी निराशावाद म्हणत नाही. विमान वर नेणं ही तिथे एक नेहमीची प्रक्रिया आहे. तसं केलं म्हणून वैमानिकाला दोष द्यायचा नाही, असंच चांगल्या विमान कंपन्यांचं धोरण असतं. दोष दिला तर पुढचा वैमानिक धुक्यातच उतरायला जाईल.

रोजच्या कामालाही अशी ‘उंची’ ठरवता येते. ‘बारापर्यंत आकडे आले नाहीत तर गेल्या महिन्याच्या आकड्यांवर मसुदा करायचा आणि जागा मोकळी सोडायची.’ ‘पाच वाजेपर्यंत निघता आलं नाही तर आज व्यायाम घरीच, पंधरा मिनिटं.’ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘जर-तर’ वाक्यांचा बराच अभ्यास केला. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या संकल्पापेक्षा अशी वाक्यं ठरवणाऱ्यांच्या हातून ठरलेलं काम पार पडण्याचं प्रमाण लक्षणीय जास्त आढळलं. वाक्यात दोन गोष्टी हव्यातच: डोळ्यांना दिसणारी किंवा घड्याळात वाचता येणारी खूण, आणि एकच कृती. ‘जमलं नाही तर बघू’ या वाक्यात दोन्ही नाहीत. अशी वाक्यं दिवसाला दोन-तीनच असावीत, आणि तीही ज्या कामांवर बाकीची कामं टेकलेली आहेत त्यांच्यासाठी. प्रत्येक कामाला एकेक पर्याय लिहीत बसलं तर पर्यायांचीच नवी यादी होते आणि ती वाचायला कुणाला वेळ नसतो.

एवढं करूनही दिवस बिघडणारच. मग खरं नुकसान कुठे होतं? माझ्या मते नेमकं इथेच घोडं पेंड खातं. पहिल्या बिघाडाने दिवस क्वचितच जातो, तो जातो त्यानंतरच्या ‘गेलंच ना, मग आता जाऊ दे सगळंच’ या वाक्याने. १९७५ सालचा एक प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. त्यातल्या काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजला आणि नंतर ‘चव सांगा’ म्हणून सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, तसं होणं स्वाभाविकच आहे. पण आहारावर कटाक्षाने बंधन ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम एकदा मोडला, मग आजच्यापुरता तो संपलाच. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या संशोधकांनी पुढे या वृत्तीचा सविस्तर पाठपुरावा केला. दिवसाच्या बेताचंही हेच होतं. यादी जितकी कडक, तितकं पहिल्या बिघाडानंतर ती सोडून देणं सोपं. साडेअकराला दिवसातले साडेतीन तास गेलेले असतात, पण निकाल अख्ख्या दिवसाचा लावला जातो. सकारात्मकता म्हणून जे काही निवडायचं असतं ते इथे निवडायचं असतं. बिघाडाची हद्द आखायची: हे बिघडलं, एवढंच बिघडलं, आणि इथवर बिघडलं.

थोडक्यात हुकलेलं जास्त सलतं, हेही माहीत असावं. काहनमन आणि ट्वर्स्की यांनी लोकांपुढे दोन प्रवासी ठेवले. दोघे एकाच गाडीतून विमानतळावर निघाले, वाटेत अडकले, अर्धा तास उशिरा पोचले. एकाचं विमान वेळेवर सुटलेलं, दुसऱ्याचं उशिरा सुटून नुकतंच पाच मिनिटांपूर्वी गेलेलं. जास्त चुटपुट कुणाला लागेल? १०० पैकी ९६ जणांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. नुकसान दोघांचं सारखंच आहे. पण ‘सिग्नलला थांबलो नसतो तर’ हे दुसऱ्याला सहज मनात रंगवता येतं. चुटपुटीची तीव्रता नुकसानीचं माप सांगत नाही, हे ठाऊक असलं की तिच्या भरात रागाचा निरोप पाठवण्याआधी हात थांबतो.

आता साडेअकराच्या कागदाकडे परत येऊ. पहिली पाच मिनिटं काहीही ठरवू नये आणि कुणाला काही पाठवू नये. ताणाच्या क्षणी शरीर आधी धावतं. नाडी वाढते, श्वास उथळ होतो, आणि विचार तोलून पाहण्याची क्षमता तेवढ्यापुरती मंदावते. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असे साधारण १५ श्वास, म्हणजे अडीच मिनिटं. श्वास सोडणं लांबलं की नाडी मंदावते, म्हणून बाहेरचा आकडा मोठा. मग दोन वाक्यं लिहावीत, एक घडलेल्याचं आणि एक वाटणाऱ्याचं. ‘बैठक चारवर गेली. मला राग आलाय, कारण मला विचारलं नाही.’ भावनेला नेमका शब्द दिला की ती थोडी उतरते, हे मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या प्रयोगांतही दिसलंय. दाबून टाकण्याचा परिणाम उलटा होतो. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत ज्यांना भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याची सूचना होती, त्यांच्या शरीरातल्या ताणाच्या खुणा वाढल्या. प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहायला सांगितलेल्यांची भावना मात्र तशी किंमत न मोजता सौम्य झाली. ‘हसत राहा’ ही पहिली सूचना आहे, आणि आपण ती एकमेकांना सर्रास देतो.

त्यानंतर यादीतल्या प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक खूण: गेलं, हललं, उरलं. गेलं म्हणजे आज होणार नाही. त्यावर रेघ मारायची आणि त्याच क्षणी दुसरा दिवस आणि वेळ लिहायची. हललं म्हणजे आजच, पण वेगळ्या वेळी. उरलं म्हणजे जसं होतं तसंच. आपल्या उदाहरणात पहिलं काम गेलं, तिसरं चारवर हललं, पाचवं गेलं. दुसरं मुलाला घरी आणून झोपवल्यावर हलवता येईल. चौथं आणि सहावं उरली, त्यांना काहीही झालेलं नाही. अख्खा दिवस कोसळल्यासारखं वाटत होतं, आणि कागदावर सहापैकी दोनच कामं गेलीत. ही दिलासा देण्याची युक्ती नाही, मोजणी आहे. मनाने केलेल्या बेरजेपेक्षा ती जास्त खरी असते.

पुढची चूक इथेच होते: भरपाई. गेलेले साडेतीन तास वसूल करायचे म्हणून जेवण उभ्याने, विश्रांती रद्द, आणि रात्री दोनपर्यंत जागरण. साडेसहा तासांत दहा तासांचं काम बसत नाही. ते कोंबायला गेलं की चुका होतात, आणि झोपेतून काढलेले तास उद्याच्या दिवसावर चढतात. मग बिघाड एका दिवसाचा राहत नाही. गेलेला वेळ गेला असं मानून उरलेल्या वेळात मावेल तेवढंच ठेवावं. त्यातलं एक काम पंधरा मिनिटांत संपणारं असावं आणि ते आधी घ्यावं, म्हणजे हात पुन्हा कामाला लागतो. ज्यांचं काम आपल्यामुळे लांबणार त्यांना ताबडतोब कळवावं, आणि नव्या वेळेसकट. ‘लवकरच पाठवतो’ यातून समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. ‘उद्या दुपारी दोनपर्यंत’ म्हटलं की त्यालाही त्याची यादी हलवता येते. सांगितलेली वेळ मनातल्या वेळेच्या दीडपट असावी. एकदा हुकलेलं दुसऱ्यांदा हुकलं की विश्वास जातो, आणि तो दिवसाच्या शेवटी परत मिळत नाही.

गोड कल्पना रंगवणं हा सकारात्मकतेचा सर्वात लोकप्रिय प्रकार आहे आणि माझा सर्वात मोठा आक्षेप त्यालाच आहे. गाब्रिएले ओटिंगेन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमातल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला जमेल असा विश्वास असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. पण यशाची गुलाबी चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं वजन, अडचणींचीही चित्रं पाहणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ किलोंनी कमी उतरलं. विश्वास आणि स्वप्नरंजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काम करायला लावते, दुसरीत काम झाल्याचं समाधान आधीच मिळून जातं. स्वतःला चांगली वाक्यं ऐकवण्याचंही तसंच. जोॲन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या प्रयोगात, स्वतःबद्दल आधीच कमी आदर असलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य मनात घोकलं, तेव्हा त्यांना आणखी वाईट वाटलं. ज्याला हा उपाय सर्वात जास्त सुचवला जातो, त्यालाच तो बाधतो.

म्हणून हा प्रश्न घरापुरता राहत नाही. कामाच्या ठिकाणी सकारात्मकतेची शिबिरं होतात, भिंतींवर वाक्यं लागतात. पण जिथे चार माणसांचं काम तिघांवर टाकलंय, वेळापत्रक शंभर टक्के भरलंय आणि उशीर आधी कळवणाऱ्यालाच बोलणी बसतात, तिथे बिघाड माणसाच्या वृत्तीत नाही, आखणीत आहे. तिथे ‘दृष्टिकोन बदला’ म्हणणं म्हणजे वेळापत्रकाचा दोष माणसाच्या पदरात घालणं. तपासणं अवघड नाही. महिनाभर रोज एकच नोंद करायची: आजचा बेत ठरल्याप्रमाणे पार पडला की नाही? वीसपैकी बारा-पंधरा दिवस उत्तर ‘नाही’ आलं तर कर्मचाऱ्यांना शिबिराला पाठवण्याआधी बेत दुरुस्त करावा. एक माणूस कमी असेल त्या दिवशी कोणतं काम सोडायचं, हे आधी लिहून ठेवावं आणि त्याखाली वरिष्ठाची सही असावी. ती नसेल तर सोडण्याचा निर्णय सर्वात खालच्या माणसाला धावपळीत घ्यावा लागतो आणि जाबही त्यालाच द्यावा लागतो. सकाळी दहाला ‘हे आज होणार नाही’ म्हणणाऱ्याला शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी तो संध्याकाळी सहाला सांगेल, जेव्हा कुणालाच काही करता येणार नाही.

एक मर्यादाही स्पष्ट असावी. हे सगळं बिघडलेल्या दिवसांसाठी आहे. घरातलं माणूस जाणं, नोकरी जाणं, मोठं आजारपण यांना ‘गेलं, हललं, उरलं’च्या खुणा लावू नयेत. तिथे दुःखाला वेळ द्यावा लागतो. आणि दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, दिवसाचा बराचसा वेळ, मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर प्रश्न नियोजनाचा उरत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावं, यादी बाजूला ठेवावी.

संध्याकाळचं एक काम राहिलं. अर्धवट राहिलेली कामं डोक्यात घोळत राहतात आणि रात्रीची झोप खातात. ई. जे. मॅसिकॅम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की असं घोळणं थांबायला काम पुरं व्हावंच लागतं असं नाही, ते कसं करणार याचा नेमका बेत ठरला तरी पुरतं. त्यासाठी तीन गोष्टी लिहाव्या लागतात: कधी, कुठे, आणि पहिली हालचाल कोणती. ‘अहवाल उद्या’ असं लिहून मन सोडत नाही. ‘उद्या साडेनऊ, टेबलाशी, आधी दुसरा तक्ता उघडायचा’ असं लिहिलं की वही मिटता येते.